रेवस ते रेडी: सागरी महामार्ग गावातून जावा की गावाला वळसा घालून?

खाडीकाठ

कोकणातल्या रस्त्यांचा विषय काढला की सगळी चर्चा मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांत जाऊन पडते. म्हणून हा वेगळा धागा. इथे फक्त सागरी महामार्गाबद्दल बोलू. ६६ नंबरच्या नावाने बोटं मोडायला इतर धागे आहेत.

कागदावर हा 'प्रमुख राज्य महामार्ग क्र. ४'. रेवसला सुरू होतो, रेडीला संपतो, लांबी पाचशे किलोमीटरच्या आसपास. कल्पना बॅ. अंतुल्यांची, म्हणजे १९८०-८२ च्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासून आपण ऐकतोय. प्रत्यक्षात मात्र हा सलग रस्ता नाहीच. आधीपासून असलेले गावरस्ते, जिल्हा मार्ग आणि मधले पूल एकमेकांना जोडून वर नंबर दिलाय. मधल्या मोठ्या खाड्यांवर रस्ता येऊन थांबतो आणि पुढे जंगलजेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट.

ढोबळ क्रम: रेवस, अलिबाग, रेवदंडा, साळाव, काशीद, मुरूड, आगरदांडा. खाडीपलीकडे दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला. पुन्हा खाडी. वेश्वी, बाणकोट, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ. पुन्हा खाडी. धोपावे, गुहागर, हेदवी, तवसाळ. पुन्हा खाडी. जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. तिथून पुढे भाट्याच्या पुलावरून पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जैतापूर, मग विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, परुळे, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी.

आता रस्ते विकास महामंडळाकडून खाड्यांवर पूल आणि रस्त्याचं रुंदीकरण असं दोन्ही एका दमात चाललंय. पुलांबद्दल कोणाचं दुमत असेल असं वाटत नाही. प्रश्न आहे तो मधल्या गावांचा. श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, मालवण इथे रस्ता म्हणजेच बाजारपेठ. तिथून दुपदरी महामार्ग न्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं? जाणकारांनी लिहावं. आखणीच्या खुणा ज्यांच्या दारात आल्यात त्यांनी तर नक्कीच लिहावं.

नकाशावेडा

चांगला विषय. मुळात ही गावं या रस्त्यासाठी वसलेलीच नाहीत, तिथून सुरुवात करायला हवी.

कोकणातलं प्रत्येक जुनं बंदर खाडीच्या तोंडाशी आहे आणि त्याचा रस्ता घाटाकडे जातो. गुहागर-चिपळूण-कुंभार्ली. रत्नागिरी-आंबा. देवगड-फोंडा. वेंगुर्ला-आंबोली-बेळगाव. माल घाटावरून यायचा, बंदरात चढायचा. उत्तर-दक्षिण जायचं तर माणसं बोटीने जायची. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन बंदरांना जोडणारा गाडीरस्ता ही गरजच नव्हती. हर्णैच्या माणसाचा संबंध मुंबईशी जितका होता तितका समोरच्या गुहागरशी नव्हता.

बोटी बंद पडल्या आणि ही सगळी गावं एका रात्रीत रस्त्याच्या शेवटाला गेली. सागरी महामार्ग हे त्या तुटलेल्या बोटसेवेचं उशिरा आलेलं उत्तर आहे. म्हणून तो सगळीकडे गावात आडवा शिरतो. गावाचा मूळ रस्ता पूर्वेकडून आलेला आणि हा दक्षिणोत्तर त्याला छेदतो. बहुतेक ठिकाणी काटकोनी वळण नेमकं देवळाजवळ किंवा मासळीबाजाराजवळ येतं ते यामुळेच.

अवांतर: रेवसचं नाव काढलं की आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून 'रामदास' बोट आठवते. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येताना बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. आज भाऊचा धक्का ते मांडवा गाडीसकट जाता येतं (२०२० पासून), पण रेवस-करंजा पुलाची वाट आपण अंतुल्यांपासून पाहतोय.

पुळणीवरचा

वाखूसा (वाचनखूण साठवली). पुढच्या महिन्यात अलिबाग ते वेंगुर्ला याच रस्त्याने करायचा बेत आहे. छोटी गाडी चालेल ना?

वाडीवाला_गुहागर

चालेल. पण विषय तो नाही हो :)

खाडीकाठ यांनी विचारलंय म्हणून आमच्या गावाचं सांगतो. गुहागर म्हणजे एक लांब सरळ रस्ता. वरचा पाट, खालचा पाट, मधे व्याडेश्वर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं. समुद्राच्या बाजूच्या घराचं मोजमाप असं: रस्ता, चिऱ्याचा गडगा, फाटक, चार पावलं अंगण, तुळस, ओटी, पडवी, माजघर, मागचं दार, विहीर, मग नारळ-पोफळीची वाडी, वाडीच्या शेवटी सुरूचं बन आणि पुळण. जमीन रुंदीला कमी, खोलीला भरपूर. वाटण्या झाल्या त्यासुद्धा उभ्या पट्ट्यांत झाल्या, प्रत्येकाला थोडा रस्ता आणि थोडा समुद्र.

आता रस्त्याकडून पाच मीटर घेतले तर काय जातं बघा. अंगण, तुळस आणि ओटी. नकाशावर ते 'किरकोळ संपादन' दिसतं कारण क्षेत्रफळ अगदी थोडं. प्रत्यक्षात घराची पुढची भिंत जाते. बरं, मागे सरकून बांधतो म्हटलं तर मागे सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरची बंधनं. आणि वाडीत घर बांधायचं म्हणजे उभी पोफळ तोडायची, जी धरायलाच पाच-सहा वर्षं लागतात.

मोबदल्याचंही लिहितो, कारण बाहेरच्यांना वाटतं पैसे मिळाले की लोक गप्प बसतील. २०१३ च्या कायद्याने बाजारभाव, त्यावर गुणांक, वर तेवढीच दिलासा रक्कम, झाडांचं मूल्यांकन वेगळं. रक्कम वाईट नसते. पण आमचे सातबारे सामाईक. एका गुंठ्यावर पंधरा-वीस नावं, त्यातली अर्धी मुंबईत, काही परदेशात, दोन-तीन वारलेली आणि वारस नोंद झालेली नाही. घर पडतं त्याचं ज्याचा दिवा तिथे लागतो, पैसे वाटले जातात सगळ्यांत. संमतीसाठी ज्याला कधी पाहिलंही नाही अशा चुलतभावाला फोन करायचा आणि तो पहिलं विचारणार, 'टोटल किती मिळतायत?'

पूल हवेत. दाभोळचा पूल तर हवाच हवा. रुंदीकरण गावातून नको.

सुपारीफुल

वाडीवाला, +१. श्रीवर्धनलाही हेच. फरक एवढाच की ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमच्या बऱ्याच वाड्या आधीच झोपवल्या. दिवेआगर-श्रीवर्धन पट्ट्यात नवीन लावलेली पोफळ आत्ता कुठे उभी राहतेय. त्यातूनच आखणी काढू नका एवढंच म्हणणं आहे.

केळशीकर

माझं मत वेगळं आहे आणि थोडं तिखट लागेल.

ओटी-पडवी-तुळस हे वाचायला छान वाटतं. माझ्याकडे घरात म्हातारी माणसं आहेत. रात्री छातीत दुखायला लागलं तर काय करायचं, यावर धाग्यात अजून एक शब्द नाही. केळशीहून दापोली म्हणजे सगळी चढ-उताराची वळणं. तिथे गेल्यावर ऐकायचं, 'पुढे न्या.' पुढे म्हणजे डेरवण किंवा रत्नागिरी. रस्त्यात आंजर्ल्याच्या किंवा हर्णैच्या बोळात समोरून मासळीचा टेम्पो आला की दोघांपैकी एकाने मागे जायचं. रुग्णवाहिका असली तरी टेम्पोवाला तरी जाणार कुठे? बाजूला गटार आणि पलीकडे कोणाचा तरी तो गडगा.

दाभोळवरून पलीकडे जावं म्हटलं तर शेवटची फेरी सुटली की सकाळपर्यंत खाडी बंद. मग खेड-चिपळूण फिरून गुहागर गाठायचं म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर. दिवसा जंगलजेटीने जे दहा-पंधरा मिनिटांत होतं त्याला.

गाव जपा, जरूर जपा. पण 'आमच्या दारातून नको' असं प्रत्येकाने म्हटलं तर रस्ता आकाशातून न्यायचा का?

लालडबा

एसटीत आयुष्य गेलं, आता घरी आहे. दोघांचंही खरं आहे.

हर्णैचं सांगतो. संध्याकाळी बंदरावर लिलाव सुरू झाला की रिक्षा, टेम्पो, बर्फाच्या गाड्या, वरून पर्यटकांच्या मोठ्या गाड्या रस्त्याच्या मधोमध उभ्या, कारण आतल्यांना पापलेटचा भाव बघायचाय. अशा वेळी बस घातली की वाहक खाली उतरून पुढे चालतो, डावा आरसा आत दुमडायचा आणि दुकानदार आपणहून फळ्या आत ओढतो. हे रोजचं. भांडण होत नाही, कारण सगळे एकमेकांना ओळखतात. भांडण होतं ते बाहेरच्या गाडीशी, कारण तिला मागे घेता येत नसते.

रुंदी वाढवून हे सुटणार नाही. मोकळी जागा दिसली की तिथे गाडी उभी राहते. हर्णैला बाहेरून रस्ता हवा आणि बंदराला वेगळा तळ हवा.

रच्याकने (जाता जाता), गुहागरहून रत्नागिरीला खाडी टाळून यायचं तर आबलोली, भातगाव पूल, जाकादेवी. भातगावचा पूल झाल्याने चिपळूणला जाऊन यायचा फेरा वाचला. एका पुलाने काय होतं ते आम्ही गाडी चालवून पाहिलंय.

नकाशावेडा

लालडबा, भातगावचं उदाहरण अगदी बरोबर.

केळशीकर, तुमचा मुद्दा मान्य, पण तुमच्याच पोस्टमध्ये त्याचं उत्तर आहे. तुमचा वेळ कुठे जातो? बोळात दहा मिनिटं, खाडीच्या वळशात बाकीचा सगळा. मग पैसा आधी कुठे घालायचा?

आणि या रस्त्यावर अवजड वाहतूक किती येणार याचा विचार कोणी करत नाही. जयगडच्या बंदरातला ट्रक आजही निवळीकडे जातो आणि ६६ ला लागतो. दिघीचा माल म्हसळा-माणगाववरून बाहेर पडतो. बंदरातून माल पूर्वेला जातो, हे दोनशे वर्षांपूर्वी होतं तसंच आहे. जयगडहून देवगडला कंटेनर किनाऱ्याने कशाला जाईल? किनाऱ्याला समांतर धावणार कोण तर स्थानिक माणसं, एसटी, मासळी-आंब्याचे टेम्पो आणि पर्यटक. त्यांना चांगला दुपदरी रस्ता पुरतो, वेग नको आहे. गावाच्या हद्दीत तर ताशी तीसच असू दे.

धोका वेगळाच आहे. पूल झाले, रस्ता रुंद झाला आणि ६६ रखडलेलाच राहिला, तर गोव्याला जाणारी सगळी गर्दी इकडे वळेल. त्यासाठी हा रस्ता नाही.

माजगावकर

इथे वळणरस्त्याची एवढी मागणी दिसतेय म्हणून सावंतवाडीचा अनुभव लिहितो. झाराप-पत्रादेवी वळणरस्ता झाला आणि महामार्ग आमच्या शहराबाहेरून गेला. सुरुवातीला ज्यांचा धंदा गाड्या थांबण्यावर होता ते बसले. चहाच्या टपऱ्या, खाणावळी, टायरवाले. लाकडी खेळण्यांच्या दुकानांनाही फटका बसला, जाता-जाता घेणारं गिऱ्हाईक गेलं. दुसरी बाजू म्हणजे मोती तलावाच्या काठाने संध्याकाळी आता जिवाची भीती न बाळगता चालता येतं. मुद्दाम सावंतवाडीला येणारा माणूस येतोच.

कणकवलीचं उलट. तिथे गावावरूनच उड्डाणपूल नेला. वरचे वरून जातात, खालचे खांबांमधून वाट काढतात. कणकवलीकरांना विचारा काय बरं वाटतं.

व्यापारी आधी वळणरस्त्याला विरोध करतात आणि रुंदीकरणाच्या खुणा दुकानावर आल्या की वळणरस्त्याची मागणी करतात. हे सगळीकडे सारखंच.

मिठमुंबरी

आमच्या देवगडाकडली सरळ गजाल. तारामुंबरी-मिठमुंबरी पूल झालो आणि कुणकेश्वराक जावचो केवढो मोठो फेरो वाचलो. रस्तो व्हयो तर व्हयो, पण कलमां तोडून नको.

(शुद्ध मराठीत: पुलामुळे कोणाचं घर गेलं नाही आणि फायदा सगळ्यांना झाला. रुंदीकरणात हापूसची पन्नास-साठ वर्षांची कलमं जातात. झाडाचे पैसे मिळतात, पण नवीन कलमाला तसा मोहोर यायला एक पिढी जाते.)

चिरा_आणि_जांभा

रस्तेबांधणीच्या कामात असतो, या प्रकल्पाशी संबंध नाही.

'वळणरस्ता काढा' हे म्हणायला सोपं आहे. किनाऱ्यावरच्या गावाला वळसा घालायचा तर जागा दोनच: खाजण (भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन) नाहीतर सडा (वरचं कातळाचं पठार).

खाजणातून नेला तर भराव घालावा लागतो. भरती-ओहोटीचं पाणी ज्या वाटेने आत-बाहेर करतं ती वाट अडते. कंत्राटदार मोऱ्या कमीत कमी टाकतो, त्याही लहान व्यासाच्या. पहिल्या दोन पावसाळ्यांत काही कळत नाही. मग एका जुलैत भरती आणि डोंगराचं पाणी एकाच वेळी येतं आणि भरावाच्या वरच्या अंगाला वाड्यांमध्ये गुडघाभर पाणी साठतं. खारं पाणी पोफळीच्या मुळाशी राहिलं तर झाड शेंड्यापासून पिवळं पडत जातं. म्हणजे वाडी वाचवायला वळणरस्ता काढला आणि त्यानेच वाडी मारली. हे टाळता येतं, भरावाऐवजी खांबांवर रस्ता नेऊन. खर्च कित्येक पटीने वाढतो, म्हणून अंदाजपत्रकात पहिली कात्री तिथेच लागते.

लहान पूल-मोऱ्यांना कमी लेखू नका. २०२१ च्या जुलैत काशीदजवळचा छोटा पूल पावसात कोसळला आणि अलिबाग-मुरूड सरळ रस्ता तुटला. सावित्रीचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री गेला तो तर ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा. म्हाप्रळ-आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी बंद होता तेव्हा तिथे जंगलजेटी आणावी लागली. नवीन पुलाचं भूमिपूजन करायला सगळे येतात, जुन्याच्या खांबाखाली वाकून बघायला कोणी येत नाही.

सड्यावरून नेला तर बांधकाम सोपं. जांभ्याचा कातळ, पाया उत्तम, घरं नाहीत.

वाडीवाला_गुहागर

मग सड्यावरूनच न्या की! गाव खाली, रस्ता वर, मधे एक जोडरस्ता.

कातळखूण

सडा रिकामा नसतो. आमच्या रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळी याच रस्त्यावरचं गाव आणि तिथल्या सड्यावर प्रचंड मोठा हत्ती कोरलाय, त्याच्या पोटात इतर प्राणी. कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे, बारसू ही ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ मध्ये गेली. यादीत असलेली निदान माहीत तरी आहेत. ज्यांची नोंदच नाही ती बुलडोझरखाली जातील आणि कळणारही नाही. उन्हाळ्यात वाळकं गवत आणि मातीने झाकलेली असतात, उभ्या माणसाला दिसत नाहीत.

सड्याला विरोध नाही. आखणीपूर्वी सडा पायी फिरून बघा, गुराख्याला सोबत घेऊन. कुठे काय कोरलंय ते त्यांनाच ठाऊक असतं. उपग्रहाच्या चित्रावर सगळं 'पडीक' दिसतं.

पुळणीवरचा

चर्चा भारी चाललीय, पण माझ्या प्रश्नाचं बघा ना कोणीतरी. वाटेत गाडीसकट किती वेळा पाणी ओलांडावं लागेल?

खाडीकाठ

चार वेळा: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे (यांतली जुनी, २००३ पासूनची) आणि तवसाळ-जयगड. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब उभे दिसतील, त्यांच्याकडे बघून हळहळा आणि पुढे जा. शनिवार-रविवारी रांग लागते, सकाळची पहिली फेरी धरा. दिवेआगर-श्रीवर्धन मधून सरळ जाऊ नका, आरावी-शेखाडीच्या किनाऱ्याच्या रस्त्याने जा. आरे-वारेला वरच्या वळणावर गाडी थांबवायची झालीच तर कडेला घ्या, रस्त्यात नको. हर्णैला संध्याकाळी शिरू नका, का ते लालडबांनी लिहिलंच आहे.

आता मूळ विषय. मला यातून दिसतं ते असं: पुलांना कोणाचाच विरोध नाही. मिठमुंबरी, भातगाव ही उदाहरणं समोर आहेत. मग पूल आणि रुंदीकरण एकाच गाठोड्यात का बांधलंय? एका गावच्या संपादनाचा दावा न्यायालयात अडकला की पुलाचंही काम रखडल्याचं कारण मिळतं. माझ्या मते पूल वेगळे काढावेत, आधी करावेत. गावातला रस्ता आहे त्या रुंदीत राहू दे, गटारं झाकून साइडपट्टी करा, गाड्या उभ्या करायला गावाबाहेर जागा द्या. वळणरस्ता जिथे सड्यावरून जमतो तिथे, कातळखूण म्हणतात तशी पाहणी करून.

केळशीकर

आधी पूल, हे मान्य. पण 'आहे त्या रुंदीत' हे मान्य नाही. बोळात दर दोनशे मीटरवर एक तरी बगल द्या, जिथे समोरची गाडी थांबू शकेल. त्यासाठी कोणाची ओटी पाडायला नको. पडीक, बंद घरांची अंगणं प्रत्येक गावात आहेत.

वाडीवाला_गुहागर

बगल चालेल. बंद घरांच्या मालकांना शोधायचं काम तुमच्याकडे ;)

माजगावकर

बंद घराचा मालक कुंपण एक फूट मागे घ्यायला सांगितलं की दुसऱ्या दिवशी हजर होतो. शोधावं लागत नाही.

लालडबा

पूल व्हायचे तेव्हा होतील. तोवर दाभोळ आणि वेश्वीला रात्री रुग्णवाहिकेसाठी एक जंगलजेटी तयार ठेवायला काय हरकत आहे? खलाशी तिथेच राहतात. डिझेलचा आणि रात्रपाळीचा खर्च कोणी करायचा एवढाच प्रश्न. जिल्हा परिषदेने उचलला तर फार नाही.

केळशीकर

हे मात्र लगेच करण्यासारखं आहे. आमच्या ग्रामसभेत ठराव मांडतो. एकट्या गावाचा ठराव फायलीत पडून राहील, दोन्ही काठांवरच्या गावांचे हवेत.

खाडीकाठ

मसुदा मी लिहितो, इथेच टाकतो, सुधारणा सुचवा. दाभोळ आणि धोपावे दोन्हीकडची माणसं या धाग्यावर आहेत असं दिसतंय. वेश्वी-बागमांडल्याकडचं कोणी वाचत असेल तर कृपया विचारपूस करा.

सुपारीफुल

बागमांडल्याला माझी मावशी असते. तिच्या शेजारचेच पंचायत सदस्य आहेत. रविवारी जातेय, विचारते.